बेड्या आणि नाडी

जहाजावरच्या कैद्याची बेडी घोट्याला असे, मनगट मोकळे असे. नाडी बघण्यापुरता डॉक्टरला बेडीला हात लावावा लागत नसे. पण खाऱ्या ओलीत दोन-तीन आठवडे गेले की लोखंडाखालचे कातडे सोलवटे, जखम चिघळे, आणि प्रश्न उभा राही: आधी मलम लावायचे की आधी लोहाराला बोलवायचे? मलम डॉक्टरच्या पेटीत होते. लोहाराला बोलवायचे तर कप्तानाची आणि पहाऱ्याच्या अधिकाऱ्याची समजूत काढावी लागे, आणि त्याआधी स्वतःच्या मनातली भीती. शिडाच्या जहाजांवरून कैदी नेले गेले त्या काळातल्या वैद्यकाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो. हे पुस्तक त्याच प्रश्नाच्या मागे लागून लिहिले आहे.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये बसून समुद्रावर कशाला लिहिता, असे शेजारीपाजारी विचारतात. बरोबरच आहे. इथून कुठल्याही दिशेला गेले तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. माझे वडील नागपूरहून इथे आले ते १९५९ साली, पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली त्याच वर्षी. घरात कोणी कधी बोटीत बसलेले नव्हते. मी समुद्राकडे आले ती माझ्या कामातून. आयुष्य कामगारांवर उपचार करण्यात गेले. नोकरीच्या अगदी सुरुवातीला, दुसऱ्या गावातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात, हात भाजलेल्या माणसाच्या कागदावर 'फिट' लिहा म्हणून मला सांगितले गेले. मी लिहिले नाही. पण लिहिण्याच्या किती जवळ गेले होते ते मला ठाऊक आहे. रुग्णाला आपल्याकडे आणणारा, आपला पगार देणारा आणि रुग्णावर हुकूम चालवणारा एकच असेल तर डॉक्टरचे काय होते, हे शोधता शोधता मी दोनशे वर्षे मागे आणि हजारो मैल दूर जाऊन पोहोचले.

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल येते, सावरकर येतात, १९११ साली मद्रासहून निघालेली 'महाराजा' ही आगबोट येते. त्याच्याही आधी वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला धाडले होते. हे स्मरण योग्यच आहे. पण ते आगबोटीच्या काळातले आहे, आणि लिहिता-वाचता येणाऱ्यांचे आहे. सेल्युलर जेल बांधून पूर्ण झाले १९०६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई इलाख्यातली माणसे शिडाच्या जहाजांतून समुद्रापार जात होती: मॉरिशसला, पिनांगला, मलाक्काला, सिंगापूरला आणि १८५८ नंतर अंदमानला. बंगाल आणि मुंबई मिळून मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात दीड हजारांच्या आसपास कैदी गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईसला उतरला तेव्हा रस्त्यांवर राबणारे हे हिंदी कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे त्याला नवल वाटले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. दरोडेखोर, चोर, खुनी, बंडात सापडलेले, आणि काही निव्वळ दुर्दैवी. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी स्वतःची कहाणी लिहिली.

त्यांच्याबद्दल लिहिले ते इतरांनी, आणि त्या इतरांमध्ये शरीराच्या सर्वांत जवळ गेलेला माणूस म्हणजे जहाजाचा डॉक्टर. कोण ओकतो, कोणाच्या हिरड्यांतून रक्त येते, कोण रात्री रडतो हे, जिथे वही ठेवली गेली तिथे, त्याच्या वहीत उतरले. ती वही हा या विषयाचा पाया आहे, आणि तिच्यावर किती विश्वास टाकायचा हा या विषयातला पहिला वाद.

विषयाची सुरुवात साधारणपणे १३ मे १७८७ पासून धरतात. त्या दिवशी पोर्ट्समथहून कैद्यांना घेऊन अकरा जहाजे ऑस्ट्रेलियाकडे निघाली. मुख्य सर्जन होता जॉन व्हाइट. आठ महिन्यांचा प्रवास, पण वाटेत तेनेरिफ, रिओ आणि केप इथे थांबून ताजे मांस, भाजी, फळे घेतली गेली. कैद्यांना वर मोकळ्या हवेत आणले गेले. त्या काळाच्या मानाने मृत्यू फार थोडे झाले. व्हाइटच्या पेटीतली औषधे त्याच्या आधीच्या डॉक्टरांकडेही होती. फरक होता तो भाजीत आणि हवेत.

तीन वर्षांनी, १७९० मध्ये, दुसरा ताफा पोहोचला. 'नेपच्यून', 'सरप्राइझ' आणि 'स्कारबरो' या तीन जहाजांचे कंत्राट गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका कंपनीला दिले होते. दर ठरला होता माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि तो जहाजावर चढवलेल्या माणसामागे. उतरवलेल्या माणसामागे नव्हे. या एका शब्दाने जे झाले ते सांगताना अजूनही माझा हात थांबतो. माणूस वाटेत मेला तरी पैसे मिळणारच होते, वर त्याचा शिधा वाचत होता. हजारांहून थोड्या अधिक कैद्यांपैकी २६७ जण वाटेत दगावले आणि जे सिडनीला उतरले त्यांतले निम्म्याहून जास्त आजारी होते. काहींना चालता येत नव्हते. तिन्ही जहाजांवर डॉक्टर होते. औषधेही होती.

त्यानंतर करारांची भाषा बदलत गेली. पैशाचा काही भाग माणूस सुखरूप उतरेपर्यंत अडवून ठेवायचा, डॉक्टरला जिवंत पोहोचलेल्या कैद्यामागे बक्षीस द्यायचे, अशा अटी आल्या. माणुसकीचे हे असे भाव बांधणे वाचताना जिवाला लागते. तरी मी डॉक्टर म्हणून सांगते, त्या भावांनी जितके जीव वाचवले तितके त्या काळातल्या कोणत्याही काढ्याने वाचवले नाहीत.

पण खरा बदल एका कैद्याने घडवला. विल्यम रेडफर्न हा नौदलातला तरुण सर्जनचा मदतनीस. १७९७ च्या नोर इथल्या खलाशांच्या बंडात त्याला फाशीची शिक्षा झाली, ती बदलून त्याला ऑस्ट्रेलियात धाडले. तिथे माफी मिळून तो सिडनीतला नावाजलेला डॉक्टर झाला. १८१४ मध्ये 'जनरल ह्यूइट', 'थ्री बीज' आणि 'सरी' ही तीन जहाजे रोगराईने पोखरून पोहोचली. 'सरी'वर टायफस असा पसरला की कप्तान आणि सर्जनसुद्धा गेले. गव्हर्नर मॅक्वारीने रेडफर्नकडे चौकशी सोपवली. त्याने दिलेला अहवाल मी अनेकदा वाचला आहे. त्यात कोणावर आगपाखड नाही. कपडे किती, पाणी किती, शिधा कोण मोजते, कैद्यांना दिवसातून किती वेळ वर आणतात, धूर कधी देतात, डॉक्टरला कप्तानाचा हुकूम मोडता येतो का, असा एकेक धागा त्याने उसवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की जहाजाच्या मालकाने नेमलेला डॉक्टर कप्तानाला घाबरतो. डॉक्टर सरकारचा हवा, नौदलातला अनुभवी हवा, आणि कैद्यांबाबत त्याचा शब्द चालला पाहिजे. ज्याने स्वतः कैदी म्हणून हा प्रवास केला होता त्याच्याकडून ही सूचना आली. १८१५ पासून इंग्लंडहून निघणाऱ्या कैद्यांच्या प्रत्येक जहाजावर नौदलाचा सर्जन-सुपरिंटेंडंट नेमला जाऊ लागला. मृत्यूचे प्रमाण घसरत शंभरात एकाच्या आसपास आले. १८६८ च्या जानेवारीत 'हूगोमाँ' हे शेवटचे जहाज फ्रीमँटलला लागले तोवर सुमारे १,६२,००० माणसे या मार्गाने गेली होती.

या सर्जनचा दिवस कसा जात असे, ते सविस्तर सांगितल्याशिवाय नवख्या वाचकाला पुढचे समजणार नाही. काम बंदरातच सुरू होई. तुरुंगाधिकाऱ्यांना म्हातारे, खोकणारे, लंगडणारे खपवायचे असत, सर्जनला ते नाकारायचे असत. पहिले भांडण धक्क्यावरच. जहाजाच्या पोटात सहा फूट लांब, सहा फूट रुंद फळीवर चौघे झोपत. म्हणजे माणशी दीड फूट. एका कुशीवरून दुसरीवर वळायचे तर चौघांनी मिळून वळायचे. पहाटे सगळ्यांना वर काढायचे, अंथरुणे वाळत घालायची, खालची जमीन पाण्याने न धुता कोरडीच घासायची, कारण ओल म्हणजे ताप हे अनुभवाने कळलेले. कापडाच्या मोठ्या नळ्या डोलकाठीला बांधून वरचा वारा खाली ओढायचा. शेगड्या फिरवून फळ्या सुकवायच्या. चुन्याची क्लोराइड पूड, व्हिनेगर, धूर. आणि दुपारी रांगेत उभे करून प्रत्येकाला साखर घातलेला लिंबाचा रस आपल्या देखत प्यायला लावायचा, कारण लोक तो विकत, बदलत, सांडत.

लिंबाची गोष्ट सर्वांना शाळेत थोडीफार कळलेली असते. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंडने स्कर्व्हीच्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने उठले. नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत किती दात पडले, किती माणसे समुद्रात टाकली गेली! आणि हवेबाबत तर त्यांचे शास्त्रच चुकलेले होते. दुर्गंध हेच रोगाचे मूळ असे ते मानत. टायफस उवांमधून पसरतो, पटकी पाण्यातून, हे कोणालाच माहीत नव्हते. पण दुर्गंध हटवण्यासाठी त्यांनी कपडे उकळले, डोकी भादरली, अंथरुणे उन्हात टाकली, आणि उवा मेल्या. चुकीच्या कारणासाठी केलेल्या बरोबर गोष्टींचा हा ठेवा वैद्यकाच्या इतिहासात फार मोठा आहे. त्याच वह्यांमध्ये रक्त काढणे, जळवा लावणे, पारा आणि जुलाब हेही पानोपानी आहे. हगवणीने अर्धमेल्या माणसाला आणखी जुलाब! चाळताना अनेकदा वही मिटून ठेवावीशी वाटली.

आणि डॉक्टरचे दुसरे रूपही याच वह्यांच्या आसपास आहे. ऑगस्ट १८३३ मध्ये 'अँफिट्राइट' हे स्त्री-कैद्यांचे जहाज फ्रान्सच्या बुलोन किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. किनारा दिसत होता, मदत येत होती. बायकांना उतरवले तर त्या पळतील या धास्तीने त्यांना उतरवले नाही, आणि तो निर्णय सर्जनच्या माथी मारला गेला. १०८ बायका आणि १२ मुले बुडाली. सर्जनही वाचला नाही. बेडी की मलम या प्रश्नाचे इतके भयंकर उत्तर मला दुसरीकडे सापडले नाही.

आता आपल्या बाजूला येते. १८१५ ची व्यवस्था हिंदुस्थानातून निघणाऱ्या जहाजांना लागू झाली नाही. तेच साम्राज्य, तीच दशके, पण मुंबईहून सिंगापूरला जाणारा कैदी बहुधा चीनच्या व्यापाराला निघालेल्या खासगी जहाजावर, मालाच्या सोबतीने जाई. नौदलाचा सर्जन नाही, रोजची वही नाही. फार तर एखादा 'नेटिव्ह डॉक्टर'. हे नेटिव्ह डॉक्टर घडवण्यासाठी १८२६ मध्ये मुंबईत एक वैद्यकशाळा निघाली होती. सर्जन जॉन मॅक्लेनन यांनी तिच्यासाठी देशी भाषांत पाठ तयार केले. १८३२ मध्ये ती बंद केली गेली, आणि ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहायला १८४५ उजाडले. मधली तेरा वर्षे मला फार टोचतात. मुंबईची कैदी-जहाजे त्या वर्षांतही निघतच होती.

शिवाय इथे रोगाआधी अन्नाचा प्रश्न होता. कोणी शिजवले, कोणी पाणी भरले, पिंपाला कोणाचा हात लागला. अनेकांनी जहाजावर शिजवलेले खाल्लेच नाही, म्हणून न शिजवता खाता येईल असा कोरडा शिधा द्यावा लागे. कोरड्या शिध्यावर आठवडेच्या आठवडे काढलेला माणूस आधीच खंगलेला असतो, त्याला आमांश झाला की सावरत नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटले. मला त्यात, सर्व काही हिरावून घेतलेल्या माणसाने आपल्या हातात उरलेली शेवटची गोष्ट घट्ट धरून ठेवलेली दिसते. लोक या जहाजांना 'जीता जनाजा' म्हणत. जिवंत माणसांची प्रेतयात्रा. १८३९ मध्ये मुंबईहून निघालेल्या 'व्हर्जिनिया'वर कैद्यांनी कप्तानाला मारून जहाज ताब्यात घेतले. अशा बंडांनंतर पहारा आणि बेड्या वाढवण्याची भाषा झाली की डॉक्टरच्या कामावर आणखी एक कुलूप पडे.

अठराशे सत्तावननंतरचे चित्र वेगळे. कलकत्त्याहून निघालेले 'सेमिरॅमिस' १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैदी घेऊन अंदमानला लागले. सोबत दोन हिंदी डॉक्टर होते, आणि वसाहतीचा प्रमुखही पेशाने डॉक्टरच: जेम्स पॅटिसन वॉकर, पूर्वीचा आग्रा तुरुंगाचा अधीक्षक. बेटांची पाहणी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष फ्रेडरिक मोआट हाही डॉक्टर. पोहोचल्यावर काही आठवड्यांतच पळून जाऊन परत सापडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले. ज्या पेशाने नाडी बघायची शपथ घेतली त्याच पेशाचा हा माणूस. त्याला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या पदावर आधीपासूनच दोन खुर्च्या एकात जोडलेल्या होत्या, हे बघणे अवघड आहे.

मुंबईच्या वाटेवरची एक साक्ष मात्र खुद्द कैद्याची आहे. मौलवी जाफर थानेसरी यांना पंजाबातून आणून ठाण्याच्या तुरुंगात ठेवले, तिथून मुंबईला 'जमना' जहाजावर चढवले, आणि जानेवारी १८६६ मध्ये ते अंदमानला उतरले. पुढे त्यांनी उर्दूत आपली कहाणी लिहिली. ठाण्याच्या किल्ल्यातला तो तुरुंग आजही चालू आहे आणि त्याच्या भिंतीजवळून हजारो ठाणेकर रोज जातात.

कैद्यांच्या जहाजांवर जे शिकले गेले ते पुढे गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, जहाजांवर वापरले गेले, पण तिथेही ते वेळेवर वापरले गेले नाही. १८५६ मध्ये कलकत्त्याहून मॉरिशसला पोहोचलेल्या दोन जहाजांवर पटकी होती म्हणून प्रवाशांना गॅब्रिएल या उजाड बेटावर उतरवले. निवारा नाही, पाण्याचे हाल. जवळजवळ तीनशे माणसे तिथे मेली आणि हिंदुस्थान सरकारला काही काळ मॉरिशसची भरती थांबवावी लागली. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तिथे आहेत. त्यांच्या पूर्वजांची पहिली वैद्यकीय तपासणी याच परंपरेतली.

या विषयावर लिहिणाऱ्यांचे ढोबळ तीन प्रवाह आहेत. चार्ल्स बेटसनने १९५९ मध्ये जहाजागणिक हिशेब मांडला: कोण किती निघाले, किती पोहोचले. त्याच्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. १९८६ मध्ये रॉबर्ट ह्यूजने तोच प्रवास नरकयात्रा म्हणून असा रंगवला की जगाने तोच खरा मानला. आकडे घेऊन बसलेल्या इतिहासकारांनी लगेच सांगितले की १८१५ नंतरची जहाजे पुष्कळ निरोगी होती. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. जिवंत पोहोचणे म्हणजे धड पोहोचणे नव्हे, आणि यातना खऱ्या होत्या म्हणून सुधारणा खोटी ठरत नाही. तिसरा प्रवाह मला जवळचा: कॅथरिन फॉक्सहॉल यांनी समुद्रावरच्या वैद्यकाचा, डेव्हिड अरनॉल्ड यांनी वसाहतीतल्या तुरुंगांचा आणि शरीराचा, सतद्रु सेन यांनी अंदमानचा अभ्यास केला; आणि क्लेअर अँडरसन यांनी हिंदी महासागरातल्या हिंदी कैद्यांना इतक्या चिकाटीने कागदांतून बाहेर काढले की त्यांचे ऋण या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर आहे. मराठीत मात्र या सगळ्याला जागाच मिळाली नाही.

आज याचे काय, असे विचारणाऱ्याला मी २०२० कडे बोट दाखवते. योकोहामाच्या धक्क्याला 'डायमंड प्रिन्सेस' ही प्रवासी बोट उभी होती, ३,७०० च्या आसपास माणसे आत अडकलेली, सातशेहून अधिक कोविडबाधित. खालच्या मजल्यावरचे कर्मचारी एकत्र झोपत आणि वरच्यांना जेवण पोहोचवत. त्याच वर्षी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात कोविड शिरला. आपल्या तुरुंगांत आजही क्षमतेपेक्षा जास्त माणसे आहेत, आणि तुरुंगातल्या डॉक्टरने वैद्यकीय निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा हे संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत २०१५ साली लिहावे लागले. रेडफर्नने १८१४ मध्ये हेच मागितले होते.

हे पुस्तक कैदी-जहाजांचा संपूर्ण इतिहास नाही. मी इतिहासकार नाही. डॉक्टर म्हणून मला वह्या वाचता येतात, एवढेच भांडवल. लक्षणे वाचून रोग कोणता असावा हे मी जिथे सुचवले आहे तिथे ते माझे निदान आहे असे स्पष्ट म्हटले आहे, कारण रुग्ण समोर नसताना केलेले निदान अंदाजच असतो. रोगांची नावे जुन्या मराठीत घेतली आहेत: पटकी, देवी, आमांश, सन्निपात. आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द वाचकाला त्या फळीवर अधिक लवकर नेतो असा माझा अनुभव आहे.

सर्जनच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे रकाने असत: नाव, वय, कोण, रोग, यादीत कधी आला, आणि शेवटचा, त्याचे पुढे काय झाले. आपल्या मुंबईच्या जहाजांना अशी वही नव्हती. म्हणून या पुस्तकात त्या जहाजांवरच्या माणसांविषयी जे काही इकडून-तिकडून हाती आले, ते मी याच रकान्यांत मांडले आहे. जिथे शेवटचा रकाना भरता आला नाही, तिथे तो छपाईत कोरा ठेवायला प्रकाशकांना सांगितले आहे.

सेक्टर ६, भिलाई